समेवर पाय : लूपरच्या साथीनं तालाचा रियाज

हातानं वाजवायची तालवाद्यं जगभर मेळातच वाढली. गिनीमधल्या मालिंके समाजात जेंबे पुढे होऊन बोलतो, पण त्याच्यामागे साथीचे जेंबे आणि केनकेनी, सांगबान, दुनुनबा हे चढत्या आकाराचे तीन ढोल सतत चालू असतात. क्यूबाच्या रुंबामध्ये दोन कोंगा ठरलेली चाल धरून ठेवतात आणि सगळ्यांत चढ्या आवाजाचा किंतो त्यांच्यावर खेळतो. आपल्याकडे भजनात पखवाजाला टाळांची जोड लागते, लावणीत ढोलकीबरोबर हलगी कडाडते, आणि ढोल-ताशा पथकात ताशा कितीही धावला तरी ढोलांना ठेका सोडता येत नाही. आपल्या कानावर ताल म्हणून जे पडतं ते या सगळ्यांच्या एकमेकांत गुंतण्यातून तयार होतं.

शिकणारा मात्र घरी एकटाच बसतो. त्याच्या हातात त्या गुंत्यातला एक धागा असतो. मेट्रोनोम लावला तर लय स्थिर राहते, पण मेट्रोनोमशी संवाद होत नाही. त्याच्या टिकटिकीत ना बोल असतो, ना वजन. आपण वाजवतोय त्याच्या बाजूला दुसरं कोणी काय वाजवत असेल, त्याच्या कोणत्या आघाताशी आपला आघात भेटतो आणि कुठे आपण गप्प बसायचं, हे एकट्याच्या रियाजात कळत नाही. ही उणीव लूपर नावाचं छोटं यंत्र बऱ्याच अंशी भरून काढतं. मैफलीत एकट्यानं अख्खा बँड उभा करणारे कलाकार पाहून लूपर म्हणजे करामतीचं साधन, असा समज झाला आहे. त्याचं मोठं मोल रियाजात आहे, असं माझं ठाम मत आहे. आवर्तन समेवर नेमकं मिटवणं आणि दुसऱ्यासाठी जागा सोडणं, या दोन गोष्टी तो इतक्या चिकाटीनं शिकवतो की तेवढी चिकाटी क्वचितच कुणा माणसाकडे असेल.

यंत्र करतं काय?

लूपरचं काम सांगायला सोपं आहे. पायानं पेडल दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं. दुसऱ्यांदा दाबलं की तेवढा तुकडा तिथेच मिटतो आणि त्याच क्षणी पहिल्यापासून वाजू लागतो. आता तो थांबवेपर्यंत फिरत राहणार. त्याच्यावर दुसरं काही वाजवलं तर तेही त्यात मिसळून फिरू लागतं. याला ओव्हरडब म्हणतात. आपण थर म्हणू. शेवटचा थर पसंत पडला नाही तर तेवढाच पुसता येतो. यंत्राची बाकी सगळी बटणं या चार कामांच्या भोवतीची सजावट आहे.

भारतीय संगीत ऐकणाऱ्याला यात नवल वाटू नये. तबल्याच्या स्वतंत्र वादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लहरा धरलेला असतो. तीनतालाचा असेल तर सोळा मात्रांची तीच सुरावट तासभर फिरत राहते. लहऱ्यामुळे वादकाला आपण आवर्तनात कुठे आहोत ते प्रत्येक क्षणी कळतं, आणि म्हणूनच तो बिनधास्त समेपासून दूर जाऊ शकतो. लूपरही असंच फिरतं आवर्तन हाती देतो. फरक एवढाच की इथे लहरा धरणारेही आपणच.

रेकॉर्डच्या खाचेपासून पेडलपर्यंत

आवाजाचा तुकडा गोल फिरवण्याची कल्पना पॅरिसमध्ये रुजली. १९४८ साली तिथल्या नभोवाणीत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी रेकॉर्डची खाच पुढे सरकू न देता स्वतःवरच मिटवली. सुई त्याच वर्तुळात फिरत राहिली. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर अशी एक फेरी जेमतेम पाऊण सेकंदाची. आगगाड्यांचे आवाज घेऊन शेफर यांनी त्याच वर्षी जी रचना केली, तिच्यातल्या डब्यांच्या खडखडाटाला अशाच पुनरावृत्तीतून ताल मिळाला.

पुढे टेप आली. १९६३ मध्ये अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांनी पॅरिसमध्येच दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकाची टेप दुसऱ्यातून फिरवली. पहिल्यानं ध्वनिमुद्रण करायचं आणि दुसऱ्यानं ते थोड्या वेळानं वाजवून पुन्हा पहिल्याकडे पाठवायचं, अशी योजना होती. त्यातून चेट बेकर यांच्या ट्रंपेटचे थरावर थर चढत गेले. हेच रायली १९७० पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी १९७२ पासून दोन टेपरेकॉर्डरचा हाच मार्ग गिटारसाठी वापरला.

तालवाद्यांच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं नाव स्टीव्ह राइश यांचं. १९६५-६६ च्या सुमारास त्यांनी एकाच बोलण्याच्या दोन टेप एकत्र लावून त्यांना हळूहळू एकमेकींपासून सरकू दिलं. १९७० मध्ये ते घानामध्ये जाऊन तिथलं ढोलवादन शिकले आणि परतल्यावर त्यांनी 'ड्रमिंग' ही मोठी रचना केली. तिची सुरुवात बारा मात्रांच्या आवर्तनात एकाच आघातानं होते. मग रिकाम्या जागा एकेक करून आघातांनी भरत जातात. टेपवर सुचलेली कल्पना त्यांनी हाडामांसाच्या वादकांच्या हातात दिली.

डिजिटल स्मृती स्वस्त झाल्यावर हे सगळं पायाखाली मावू लागलं. ध्वनी अंकांत साठवायला बरीच जागा लागते. सीडीच्या दर्जाचा, एकाच वाहिनीचा एक मिनिटाचा आवाज म्हणजे सुमारे ५ मेगाबाइट. आज ही जागा क्षुल्लक वाटते, पण १९८० च्या दशकात ती फार महाग होती. म्हणून सुरुवातीची डिजिटल यंत्रं काही सेकंदांचेच तुकडे धरू शकत. २००१ मध्ये बॉस कंपनीचं 'लूप स्टेशन' आलं आणि काही मिनिटांचा लूप सामान्य वादकाच्या आवाक्यात आला. २००४ मध्ये स्कॉटलंडच्या केटी टनस्टल यांनी बीबीसीच्या एका कार्यक्रमात गिटार, टाळ्या आणि आवाज यांचे थर प्रेक्षकांसमोर चढवून गाणं म्हटलं, आणि लूपर घराघरांत पोचला. पुढे हातानं चालवायची, पाच स्वतंत्र पट्ट्यांची यंत्रंही आली.

सांधा

आता मुद्द्याचं बोलू. लूप म्हणजे कडं, आणि कड्याची परीक्षा सांध्यावर होते. नवशिक्या वादकाचा पहिला लूप बहुधा समेच्या तोंडावर अडखळतो. त्याचं कारण गणितात आहे.

समजा लय मिनिटाला १०० मात्रांची आहे. एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, आणि सोळा मात्रांचं आवर्तन ९.६ सेकंदांचं. पेडल दाबायला अवघे ६० मिलिसेकंद उशीर झाला, म्हणजे एका मात्रेचा दहावा भाग. एकदाच ऐकलं तर ही चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण आता प्रत्येक आवर्तन ६० मिलिसेकंदांनी लांब झालं आहे. सोबत मेट्रोनोम चालू असेल तर दहा आवर्तनांनंतर, म्हणजे साधारण दीड मिनिटात, लूप पूर्ण एक मात्रा मागे पडलेला असतो. मेट्रोनोम नसला तरी दर समेला एक बारीक ठेच लागते आणि तिच्यावर वाजवणाऱ्याचा हात नकळत ढिला पडतो.

यावरचे उपाय सगळे वादनातलेच आहेत. पहिला उपाय असा की लगेच रेकॉर्ड करू नये. ठेका दोन-तीन आवर्तनं वाजवत राहावा, हात स्थिरावला की मग समेवर पेडल दाबावं. दुसरा उपाय म्हणजे शेवटची मात्रा संपल्यावर पाय उचलण्याची सवय सोडावी. आवर्तन संपतं ते पुढच्या समेवर. म्हणून पुढच्या आवर्तनाचा पहिला आघात प्रत्यक्ष वाजवतच पाय खाली आला पाहिजे. पाय हा तिसरा हात मानून त्याचाही रियाज करायला हवा. तिसरा उपाय, पेडल दाबल्यावर वादन थांबवू नये. डग्ग्याची किंवा काहोन या लाकडी पेटीसारख्या वाद्याच्या खर्जाची आस एकदम तुटली तर सांध्यावर 'टक्' ऐकू येतं. पुढचं आवर्तनही वाजवत राहिलं आणि ते थर म्हणून घेतलं, तर ती आस पुढे वाहून जाते.

मांडी घालून बसणाऱ्या तबलजीला पाय वापरता येत नाही, ही खरी अडचण आहे. तबला स्टँडवर ठेवून स्टुलावर बसणं हा एक मार्ग. ठरावीक मात्रा मोजून आपोआप सुरू होणारं आणि ठरलेल्या लांबीवर आपोआप मिटणारं रेकॉर्डिंग हा दुसरा. मात्र आपोआप मिटण्याच्या सोयीवर कायम विसंबू नये. समेवर येण्याची जबाबदारी यंत्रानं उचलली, तर रियाजातला महत्त्वाचा भागच हातून जातो.

क्लावे आणि तुंबाव : दोन थरांचा एक धडा

थर चढवणं म्हणजे काय ते एका उदाहरणातून नीट पाहू. क्यूबाच्या संगीतात दोन लाकडी दांडक्यांवर वाजणारा क्लावे हा सगळ्या तालाचा कणा. सोळा समान ठोके मोजा आणि १, ४, ७, ११, १३ या जागांवर टाळी द्या. अंतरं झाली ३, ३, ४, २, ४. हा झाला सोन क्लावे. पाचच आघात, बाकी सगळी शांतता. हा पहिला थर म्हणून रेकॉर्ड करा. मोजणी आवाजात येऊ देऊ नका, ती पायात ठेवा.

दुसरा थर कोंगावरचा तुंबाव. कोंगा नसेल तर काहोन चालेल, लाकडी टेबलही चालेल. आठ ठोक्यांची चाल अशी : तळवा, बोटं, स्लॅप, बोटं, तळवा, बोटं, खुला, खुला. तळवा आणि बोटं अगदी हलकी, चामड्यावर टेकवल्यासारखी. स्लॅप म्हणजे चाटेसारखा कोरडा, कडक आवाज. खुला म्हणजे हात लगेच उचलून मोकळा सोडलेला गोल नाद. ही चाल क्लावेच्या एका आवर्तनात दोनदा बसते.

आता लूप फिरू द्या आणि कान देऊन ऐका. स्लॅप ३ आणि ११ वर पडतात, खुले आघात ७, ८ आणि १५, १६ वर. म्हणजे क्लावेचा तिसरा आघात पहिल्या खुल्या नादाला भेटतो, चौथा आघात दुसऱ्या स्लॅपला भेटतो. १५ आणि १६ वर क्लावे गप्प आहे, तिथे कोंगा एकटा बोलतो आणि पुढच्या आवर्तनाकडे ढकलतो. आणि समेवर? तिथे कोंगावर फक्त तळव्याचा हलका स्पर्श आहे.

आपल्या कानाला इथेच चकवा बसतो. आपल्याला समेवर भरदार 'धा' ऐकायची सवय. त्यामुळे तुंबावमधला सगळ्यांत ठळक आवाज हीच सम, असं मन ठरवून टाकतं आणि पूर्ण चाल सरकते. एकट्यानं वाजवताना हे सरकणं कळत नाही, कारण चाल स्वतःपुरती बरोबरच वाटते. क्लावेचा थर खाली फिरत असला की सातव्या आणि अकराव्या ठोक्याच्या भेटी चुकतात आणि चूक लगेच कानावर येते. रुंबा क्लावेत तिसरा आघात ७ ऐवजी ८ वर जातो. एकच आघात एका ठोक्यानं हलला, आता तो दुसऱ्या खुल्या नादाला भेटतो आणि अख्ख्या तालाचा बाज बदलतो. पाच मिनिटं हे दोन्ही लूप आलटून पालटून ऐकले की जे कळतं ते लिहून समजावणं अवघड आहे.

या धड्यातून थर रचण्याचा नियमही निघतो. पहिला थर सगळ्यांत विरळ असावा. नंतरच्या प्रत्येक थरानं आधीच्याच्या रिकाम्या जागा शोधाव्यात आणि शक्यतो वेगळ्या सप्तकात राहावं : एक खर्जात, एक मधल्या नादात, एक खुळखुळ्यासारखा वरच्या, बारीक आवाजात. तीन थर एकाच उंचीवर वाजले तर कितीही अचूक असले तरी त्यांचा गोंगाट होतो.

आपल्या तालांवर

हीच रीत आपल्या तालांवर लावली की लूपर आणखी उपयोगी पडतो. पहिला थर पढंतीचा घ्यावा. तीनतालाचा ठेका तोंडानं म्हणून रेकॉर्ड करा, हातानं टाळी-खाली दाखवत म्हणा. मग त्याच्यावर वाजवा. वाजवताना गुळगुळीत झालेली मात्रा पढंतीसमोर लगेच उघडी पडते, कारण एकाच माणसाचं तोंड आणि हात इथे समोरासमोर उभे राहतात.

पुढची पायरी तिहाईची. 'तिट कत गदि गन धा' हा पाच मात्रांचा बोल घ्या आणि प्रत्येक वेळी एक मात्रा विराम द्या. पाच, एक, पाच, एक, पाच असे सतरा होतात. समेपासून उचललं तर 'धा' येतात पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या मात्रेवर, म्हणजे तिसरा 'धा' पुढच्या समेवर. हिशेब वहीत सुटणं आणि हातातून सुटणं यात मोठा फरक आहे. खाली ठेका फिरत असताना शेवटचा 'धा' लूपमधल्या 'धा'वर बसला तर दोन्ही मिळून एकच भरीव आघात ऐकू येतो. थोडा मागेपुढे झाला तर दोन फुटलेले आघात येतात. साधारण २० ते ३० मिलिसेकंदांच्या आतला फरक कानाला एकाच आघातासारखा वाटतो, त्यापुढे तो फुटतो. एवढी बारीक कसोटी घरबसल्या मिळते.

दादऱ्याच्या सहा मात्रांत आणखी एक सुंदर गोष्ट करता येते. पहिल्या थरात १ आणि ४ वर टाळी द्या. दुसऱ्या थरात दुसऱ्या कुठल्या आवाजानं १, ३, ५ वर आघात करा. दोनाशी तीन भिडले. दोन्ही मिळून १, ३, ४, ५ अशी जी तिसरीच चाल कानावर येते ती प्रत्यक्षात कोणीच वाजवत नसतं. घानामधल्या एवे लोकांच्या बारा ठोक्यांच्या घंटेच्या चालीही अशाच दोन-तीनच्या भिडण्यातून जिवंत होतात. कोणत्याही तालात आडीचा, दीडपटीचा रियाज करणाऱ्यानं हे दोन थर आधी पक्के करावेत.

राइश यांची १९७२ ची 'क्लॅपिंग म्युझिक' हाही लूपरसाठी तयार धडाच आहे. तीन, दोन, एक, दोन अशा टाळ्या, प्रत्येक गटानंतर एक ठोका रिकामा, एकूण बारा ठोके. एक जण ही चाल तशीच ठेवतो, दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर एकेका ठोक्यानं पुढे सरकतो. बारा सरकण्यांनंतर दोघे पुन्हा एकत्र येतात. पहिल्याचं काम लूपरला द्या, दुसरं स्वतः करा.

माइक, हेडफोन आणि पंखा

थोडं व्यवहाराचं. माइक वाद्याच्या जवळ, वीतभर अंतरावर ठेवा. लूप स्पीकरवर ऐकू नका, कारण उघडा माइक तो आवाज पुन्हा पकडतो आणि प्रत्येक थराबरोबर जुने थर पुन्हा रेकॉर्ड होऊन गढूळ होतात. हेडफोन वापरा आणि तेही वायरचे. ब्लूटूथवर आवाज साधारण १०० मिलिसेकंद किंवा त्याहून उशिरा पोचतो, आणि १०० च्या लयीत तो मात्रेचा सहावा हिस्सा झाला. संगणक वापरत असाल तर ध्वनीचा बफर २५६ नमुन्यांचा किंवा त्याहून कमी ठेवा. ४४,१०० नमुन्यांच्या दरानं हा उशीर ६ मिलिसेकंदांच्या आत राहतो. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद करा. पाच थर चढवले की पंख्याची घरघरही पाच वेळा चढते.

यंत्राला न जमणारं

लहरा धरणारा माणूस वादकाकडे बघत असतो. लय बढत घेऊ लागली की तो सोबत चढतो, वादक जरा दम घेतो तेव्हा सांभाळून घेतो. लूपर यातलं काही करत नाही. त्यामुळे विलंबितापासून द्रुतापर्यंतचा पूर्ण विस्तार त्याच्यावर होत नाही. एका लयीतला कायदा घोटायला तो उत्तम. दुसरा धोका असा की फिरत्या लूपची सवय झाली की आतली लय आळशी होते. त्यावर एक चाचणी आहे. लूप चालू असताना त्याचा आवाज दोन आवर्तनं बंद करा, वाजवत राहा आणि मग आवाज परत आणा. तुम्ही आणि लूप एकाच समेवर असाल तर लय तुमची झाली. ही चाचणी रोज द्यावी, दोनाची चार आवर्तनं करावीत.

तिसरी गोष्ट पुसण्याच्या बटणाबद्दल. थर बिघडला की तो लगेच पुसण्याचा मोह होतो. तसं न करता तो पाच-सहा आवर्तनं फिरू द्या आणि नेमकी कोणती मात्रा धावली, कोणती रेंगाळली ते कानानं पकडा. चूक ऐकल्याशिवाय पुसली तर पुढच्या थरात ती पुन्हा येते.

लूपर विकत घ्यायची घाई करू नका. फोनवर लूपरचं एखादं अ‍ॅप उतरवून घ्या, वायरचे हेडफोन लावा, पंखा बंद करा आणि एका आवर्तनाच्या साध्या टाळ्या रेकॉर्ड करा. त्या आवर्तनाचा सांधा कानाला लागेनासा होईपर्यंत दुसरा थर चढवू नका. आणि दोन थर नीट एकमेकांत बसले की ते घेऊन भजनी मंडळात, पथकात, मित्रांच्या बैठकीत जा. तिथे जागा सोडायला शिकलेला वादक सगळ्यांना हवा असतो.